वृक्षांची नवी वंशावळ : जनुकीय माहिती आणि फुलांची उत्क्रांती

गुलमोहर, बाभूळ, चिंच, पळस, सीताअशोक आणि आपटा हे वृक्ष भारतात सर्वत्र परिचित आहेत. त्यांच्या फुलांकडे पाहिले असता मात्र त्यांच्यात काही नाते असेल असे सहसा वाटत नाही. बाभळीचे फूल म्हणजे पिवळा, रेशमी गोंडा. गुलमोहराच्या फुलाला पाच मोठ्या पाकळ्या असतात. पळसाचे फूल पोपटाच्या चोचीसारखे वाकलेले असते, तर अशोकाच्या केशरी फुलात पाकळ्याच नसतात. असे असूनही हे सर्व वृक्ष एकाच कुलातील, म्हणजे शिंबावंत किंवा शेंगाधारी वनस्पतींच्या कुलातील आहेत. या कुलात सुमारे ७६५ प्रजाती आणि सुमारे १९,५०० जाती आहेत. ऑर्किड आणि सूर्यफूल यांच्या कुलांनंतर सपुष्प वनस्पतींमधील हे तिसरे मोठे कुल होय. उष्ण कटिबंधातील अरण्ये, माळराने आणि शेतांचे बांध या सर्व ठिकाणी त्याचे वृक्ष आढळतात.

या वृक्षांपैकी कोणाचे कोणाशी जवळचे नाते आहे, या प्रश्नाचे उत्तर सुमारे अडीचशे वर्षे प्रामुख्याने फुलांच्या रचनेवरून दिले जात असे. गेल्या तीन दशकांत जनुकीय माहितीने ही पद्धत उलट केली आहे. आता नाते प्रथम जनुकांवरून निश्चित केले जाते आणि त्या नात्याच्या आधारे फुलांचा इतिहास वाचला जातो. या बदलाचे परिणाम प्रयोगशाळेपुरते मर्यादित नाहीत. वनव्यवस्थापन, औषधी वनस्पतींचा व्यापार, इमारती लाकडाची तस्करी आणि जैवविविधतेसंबंधीचे कायदे या सर्वांशी त्यांचा थेट संबंध आहे.

वर्गीकरणाची जुनी पद्धत

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये वनस्पतींना प्रजाती आणि जाती अशी दुहेरी नावे देण्याची पद्धत रूढ केली. त्याने वनस्पतींचे २४ वर्ग पाडले, ते मुख्यतः फुलातील पुंकेसरांची संख्या व मांडणी यांवरून. ही पद्धत सोयीची असली तरी कृत्रिम होती. पुढे जॉर्ज बेंथम व जोसेफ हूकर यांनी अनेक लक्षणांचा एकत्रित विचार करून १८६२ ते १८८३ या काळात जी पद्धत मांडली, तिचा भारतातील वनस्पतिशास्त्रावर दीर्घकाळ प्रभाव राहिला. हूकरचा ब्रिटिशकालीन भारताच्या वनस्पतींवरील सात खंडांचा ग्रंथ याच पद्धतीने रचलेला आहे.

शिंबावंत वनस्पतींचे या परंपरेत तीन गट मानले गेले. ज्यांची फुले लहान, अरीय सममितीची व गोंड्यासारखी असतात ते मायमोसॉइडी. बाभूळ, शिरीष व शमी हे त्यातील वृक्ष. ज्यांचे फूल पतंगाकृती असते, म्हणजे वर एक मोठी ध्वजदल पाकळी, बाजूंना दोन पक्षदले आणि खाली नौकेसारखी जुळलेली दोन नौतलदले असतात, ते पॅपिलिओनॉइडी. पळस, पांगारा, शिसम व करंज हे त्यातील वृक्ष. उरलेले सर्व सीसलपिनिऑइडी; गुलमोहर, बहावा, चिंच, अशोक व आपटा यांची गणना त्यात होत असे. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी हेच तीन गट पाठ केले.

या पद्धतीत एक मूलभूत अडचण होती. फुलांच्या साम्यावरून नाते ठरवायचे आणि त्याच नात्यावरून फुले कशी बदलत गेली हे सांगायचे, म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच आधी गृहीत धरण्यासारखे होते. शिवाय साम्य दोन कारणांनी निर्माण होते. एक म्हणजे समान पूर्वजाकडून आलेला वारसा आणि दुसरे म्हणजे समान परिस्थितीमुळे स्वतंत्रपणे घडलेला सारखा बदल. दुसऱ्या प्रकाराला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. पळस, पांगारा आणि काटेसावर हे तिन्ही वृक्ष पानगळीनंतर निष्पर्ण अवस्थेत लाल-केशरी, मधुरसाने भरलेल्या फुलांनी बहरतात आणि पक्ष्यांना आकर्षित करतात. पळस व पांगारा शिंबावंत कुलातील आहेत. काटेसावर मात्र कापूस व जास्वंद यांच्या कुलातील आहे. केवळ डोळ्यांवर विसंबले तर अशा ठिकाणी फसगत होऊ शकते.

जनुकीय माहितीवरून नाते कसे ठरते?

डीएनएच्या साखळीत ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांनी दर्शविले जाणारे चार घटक विशिष्ट क्रमाने येतात. पिढीमागून पिढी या क्रमात लहानसहान बदल होत राहतात. ज्या दोन जातींचा समान पूर्वज अलीकडचा असतो, त्यांच्यात वेगळ्या झालेल्या अक्षरांची संख्या सामान्यतः कमी असते. पूर्वज जितका दूरचा तितकी ही संख्या अधिक. त्यातही केवळ काही जातींमध्येच समान असलेले नवे बदल हे त्यांच्या सामाईक पूर्वजाची खूण मानले जातात. अनेक जातींच्या एकाच जनुकाची अक्षरमाला शेजारी मांडून संगणकाच्या साहाय्याने सर्वांत संभाव्य वंशवृक्ष रेखाटला जातो. या शाखेस आण्विक जातिवृत्तशास्त्र असे म्हणतात.

वनस्पतींच्या पेशीत डीएनए तीन ठिकाणी असते : केंद्रक, तंतुकणिका आणि हरितलवक. हरितलवकातील डीएनए आकाराने लहान असून प्रत्येक पेशीत त्याच्या अनेक प्रती असतात. त्यामुळे प्रारंभीच्या संशोधनात त्यातील जनुकांचाच उपयोग झाला. प्रकाशसंश्लेषणाशी निगडित ‘आरबीसीएल’ या जनुकावर आधारित सुमारे ५०० जातींचा विस्तृत वंशवृक्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापाठोपाठ सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी एकत्र आलेल्या शास्त्रज्ञांच्या गटाने १९९८ मध्ये नवे वर्गीकरण जाहीर केले. ते एपीजी या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. त्याच्या सुधारित आवृत्त्या २००३, २००९ आणि २०१६ मध्ये आल्या. २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत ६४ गण आणि ४१६ कुले मान्य करण्यात आली आहेत.

या वर्गीकरणाचे एक सूत्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. मान्य केलेला प्रत्येक गट एकवंशी असला पाहिजे, म्हणजे त्यात एक पूर्वज आणि त्याचे सर्व वंशज यांचा समावेश हवा. काही वंशज वगळून केलेला गट कितीही सोयीचा असला तरी नैसर्गिक मानला जात नाही. याच सूत्रामुळे सागवान हा वृक्ष घाणेरीच्या कुलातून तुळशीच्या कुलात आला, तर गोरखचिंच व काटेसावर यांचे वेगळे कुल रद्द होऊन ते कापसाच्या कुलात विलीन झाले.

पुढचा टप्पा २०२४ मध्ये गाठला गेला. लंडनमधील क्यू येथील रॉयल बोटॅनिक गार्डन्सच्या पुढाकाराने केंद्रकातील ३५३ जनुकांच्या आधारे ९,५०६ जातींचा वंशवृक्ष प्रसिद्ध झाला. सपुष्प वनस्पतींच्या ज्ञात प्रजातींपैकी सुमारे ६० टक्के प्रजातींचे त्यात प्रतिनिधित्व आहे. यातील पुष्कळ सामग्री वनस्पतिसंग्रहालयांतील वाळवलेल्या नमुन्यांतून मिळाली. नेपाळमध्ये जवळजवळ २०० वर्षांपूर्वी गोळा केलेल्या एका वनस्पतीचे डीएनएही त्यात वाचता आले. जुने संग्रह हे केवळ इतिहासाचे अवशेष नसून जनुकीय माहितीचे भांडार आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

तीन उपकुलांऐवजी सहा

शिंबावंत कुलाबाबत निर्णायक ठरलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन हरितलवकातील ‘मॅटके’ या जनुकाची तपासणी केली. त्यात ६९८ प्रजातींमधील ३,६९६ जातींचा समावेश होता. या अभ्यासातून जुने तीन गट बाजूला ठेवून सहा उपकुले निश्चित करण्यात आली.

आपटा व कांचन यांचे सर्सिडॉइडी. चिंच व सीताअशोक यांचे डेटॅरिऑइडी. पळस, पांगारा, शिसम व रक्तचंदन यांचे पॅपिलिओनॉइडी. आणि गुलमोहर, बहावा, बाभूळ, शिरीष व शमी यांचे नव्या व्याख्येनुसार सीसलपिनिऑइडी, ही त्यांपैकी चार प्रमुख उपकुले होत. उरलेली दोन, डायलिऑइडी आणि डुपारक्वेटिऑइडी, आकाराने लहान असून दुसऱ्यात तर पश्चिम व मध्य आफ्रिकेतील केवळ एकच जाती आहे.

यातील सर्वांत लक्षणीय निष्कर्ष मायमोसॉइडी गटाविषयी आहे. गोंडेदार फुलांचा हा गट स्वतंत्र नसून जुन्या सीसलपिनिऑइडी गटातूनच उगवलेली एक शाखा आहे. म्हणजेच गुलमोहराचे चिंचेशी किंवा आपट्याशी जितके नाते आहे, त्यापेक्षा बाभळीशी असलेले त्याचे नाते अधिक जवळचे आहे. फुलांवरून विचार करणाऱ्या कोणासही हे सहजासहजी पटले नसते. गुलमोहराचे व बाभळीचे पान मात्र सारखे, म्हणजे दुहेरी पिच्छाकृती संयुक्त असते. फुलांच्या झगमगाटात पानांमधील हा संकेत मागे पडला होता.

नावांचा प्रश्न : बाभूळ आणि खेजडी

वंशवृक्ष बदलला की नावेही बदलावी लागतात. ‘अकेशिया’ या विशाल प्रजातीत एकेकाळी तेराशेहून अधिक जाती गणल्या जात. त्या सर्व एकवंशी नाहीत असे जनुकीय अभ्यासातून दिसून आले आणि प्रजातीचे विभाजन अटळ ठरले. नामकरणाच्या नियमानुसार मूळ नाव त्या गटाकडे राहते ज्यात प्ररूप, म्हणजे नावाचा आधारभूत नमुना असतो. अकेशियाचे प्ररूप आपली बाभूळच होती. परंतु या प्रजातीतील सुमारे एक हजार जाती ऑस्ट्रेलियात असल्याने, बाभळीकडे नाव ठेवल्यास त्या सर्वांची नावे बदलावी लागली असती. म्हणून २००५ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये प्ररूप बदलून ते ऑस्ट्रेलियन जातीकडे देण्यात आले. आफ्रिका व आशियातील अनेक शास्त्रज्ञांचा यास विरोध होता. तथापि २०११ च्या मेलबर्न काँग्रेसमध्ये हाच निर्णय कायम राहिला. परिणामी बाभूळ आता ‘वॅचेलिया निलोटिका’ आणि खैर ‘सेनेगालिया कटेचू’ या नावांनी ओळखला जातो. सामाजिक वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र ‘अकेशिया’च राहिली आहे.

राजस्थानच्या खेजडीची, म्हणजेच शमीची कथा याच्या नेमकी उलट आहे. राज्यवृक्ष असलेली खेजडी आणि अमेरिकेतून आणलेली, गुजरातच्या बन्नी गवताळ प्रदेशापासून तमिळनाडूपर्यंत आक्रमकपणे पसरलेली वेडी बाभूळ या दोन्ही ‘प्रोसोपिस’ याच प्रजातीत गणल्या जात. २०२२ मध्ये जनुकीय पुराव्याच्या आधारे ही प्रजाती विभागण्यात आली. प्ररूप खेजडीचे असल्याने ‘प्रोसोपिस’ हे नाव तिच्याकडेच राहिले आणि वेडी बाभूळ ‘नेल्टुमा जुलिफ्लोरा’ झाली. एकीचे संवर्धन आणि दुसरीचे निर्मूलन हे शासकीय धोरण असताना दोघींची नावे वेगळी होणे व्यवहाराच्या दृष्टीनेही उपकारक आहे.

फुलांचा इतिहास कसा वाचला जातो?

वंशवृक्ष जनुकांवरून स्वतंत्रपणे तयार झाला की त्याच्या प्रत्येक फांदीच्या टोकाशी त्या जातीचे फूल मांडता येते. त्यानंतर कोणते लक्षण कोणत्या फांदीवर प्रथम अवतरले, किती वेळा अवतरले आणि किती वेळा लुप्त झाले, याचा मागोवा घेता येतो. शिंबावंत कुलातील तीन उदाहरणे या संदर्भात बोधप्रद आहेत.

पहिले उदाहरण बाभळीच्या गोंड्याचे. मायमोसॉइडी शाखा मोठ्या पाकळ्यांच्या फुलांच्या गटातून निघाली असल्याने, या शाखेत आकर्षणाचे कार्य पाकळ्यांकडून पुंकेसरांकडे गेले, असा निष्कर्ष निघतो. फुले लहान झाली आणि दाटीवाटीने एकत्र आली. आज बाभळीचा जो गोंडा आपण एक फूल समजतो, तो वस्तुतः अनेक सूक्ष्म फुलांचा समूह असून त्याचा रंग पुंकेसरांचा असतो.

दुसरे उदाहरण सीताअशोकाचे. त्याच्या फुलात जे चार केशरी भाग पाकळ्यांसारखे दिसतात, ती संदले, म्हणजे फुलाच्या बाह्य मंडलाचे भाग आहेत. त्याच उपकुलातील चिंचेच्या फुलात तीन पाकळ्या पूर्ण वाढलेल्या असतात व दोन खुरटलेल्या असतात. या उपकुलाच्या वंशवृक्षावर फुले मांडली असता पाकळ्यांचा ऱ्हास वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे झालेला दिसतो. म्हणजे ‘पाकळ्या नसणे’ हे लक्षण जवळच्या नात्याचा पुरावा मानता येत नाही.

तिसरे उदाहरण काडिया या प्रजातीचे. मादागास्कर, पूर्व आफ्रिका व अरबस्तान येथील या झुडपांची फुले घंटेसारखी व अरीय सममितीची असतात. पतंगाकृती मुळीच नसतात. त्यामुळे ती पॅपिलिओनॉइडी उपकुलाच्या आरंभीची, आदिम वनस्पती असावी असा समज होता. जनुकीय वंशवृक्षाने तिचे स्थान या उपकुलाच्या आत, पतंगाकृती फुलांच्या वनस्पतींमध्ये असल्याचे दाखविले. मग हे साधे दिसणारे फूल आले कोठून? याचे उत्तर २००६ मध्ये मिळाले. फुलाची वरची व खालची बाजू वेगळी करण्याचे काम ‘सायक्लॉइडिया’ या जनुकाच्या कुटुंबातील जनुके करतात. या जनुकाचा शोध १९९६ मध्ये स्नॅपड्रॅगन या बागेतील फुलझाडात लागला होता. पतंगाकृती फुलात त्याच्याशी संबंधित जनुक वरच्या ध्वजदलात कार्य करते. काडियामध्ये तेच जनुक पाचही पाकळ्यांत कार्यरत झाल्याचे आढळले. त्यामुळे पाचही पाकळ्या ध्वजदलासारख्या झाल्या आणि फूल पुन्हा अरीय सममितीचे दिसू लागले. म्हणजेच ते आदिम नसून अलीकडच्या बदलाचे फळ आहे. साधेपणा हा नेहमीच प्राचीनतेचा पुरावा नसतो, हा धडा या उदाहरणाने दिला.

फूल घडविणारी जनुके आणि पहिले फूल

फुलाचे चार प्रकारचे अवयव कसे तयार होतात, याचे स्पष्टीकरण देणारे ‘एबीसी प्रारूप’ एन्रिको कोएन व एलियट मेयरोविट्झ यांनी १९९१ मध्ये मांडले. परीक्षेच्या दृष्टीने ते लक्षात ठेवणे सोपे आहे. केवळ ‘ए’ गटाची जनुके कार्यरत असतील तर संदले. ‘ए’ व ‘बी’ एकत्र असतील तर पाकळ्या. ‘बी’ व ‘सी’ एकत्र असतील तर पुंकेसर. आणि केवळ ‘सी’ असेल तर स्त्रीकेसर तयार होतात. पुढे २००० मध्ये असे दिसून आले की या अवयवांच्या निर्मितीसाठी ‘ई’ गटाच्या जनुकांचेही साहाय्य लागते. थोडक्यात, फुलांमधील अफाट वैविध्य हे बऱ्याच अंशी मोजक्याच जनुकांच्या कार्याची जागा व वेळ बदलल्याने निर्माण झाले आहे.

सर्व सपुष्प वनस्पतींच्या मुळाशी असलेले फूल कसे होते, हा याहून कठीण प्रश्न आहे. पूर्वी चाफ्याच्या कुलातील मॅग्नोलियाचे मोठे फूल आदिम मानले जाई. १९९९ मधील जनुकीय अभ्यासांनी न्यू कॅलेडोनिया या पॅसिफिक बेटावरील अँबोरेला या लहान वृक्षाची शाखा इतर सर्व सपुष्प वनस्पतींपासून सर्वप्रथम वेगळी झाल्याचे दाखविले. त्याची फुले लहान व एकलिंगी असतात. परंतु प्रथम वेगळी झालेली शाखाही तितकाच काळ बदलत आली असल्याने तिचे फूल म्हणजेच मूळ फूल असे म्हणता येत नाही. २०१७ मध्ये ७९२ जातींच्या माहितीवरून केलेल्या पुनर्रचनेनुसार आद्य फूल द्विलिंगी व अरीय सममितीचे असून त्याची पाकळ्यांसारखी दले तीन-तीनच्या मंडलांत रचलेली असावीत. या निष्कर्षाच्या काही भागांवर वनस्पतिशास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. तरीही असे प्रश्न आता मोजमाप व गणित यांच्या आधारे तपासता येतात, ही मोठी प्रगती होय.

व्यवहारातील उपयोग

फुले वर्षातून थोडेच दिवस असतात. लाकूड, साल व भुकटी यांना तर फूल नसतेच. अशा वेळी डीएनए पट्टिकांकन, म्हणजे एखाद्या लहान डीएनए खंडावरून जाती ओळखण्याची पद्धत उपयोगी पडते. वनस्पतींसाठी २००९ मध्ये ‘आरबीसीएल’ व ‘मॅटके’ हे दोन जनुकखंड प्रमाण म्हणून निश्चित करण्यात आले.

सीताअशोकाची साल आयुर्वेदात स्त्रीरोगांवरील औषधांत वापरली जाते. मागणी वाढल्याने हा वृक्ष वन्य स्थितीत दुर्मीळ झाला असून बाजारात त्याच्या सालीत इतर सालींची भेसळ होते. रस्त्याकडेला लावला जाणारा उंच, निमुळता खोटा अशोक हा भेसळीचा एक परिचित स्रोत आहे. नावातील साम्य सोडल्यास या दोन वृक्षांत काहीच नाते नाही. खोटा अशोक सीताफळाच्या कुलातील आहे. सालीच्या तुकड्यांवरून डोळ्यांना हा भेद करणे कठीण जाते, डीएनए चाचणी तो करू शकते.

संकटग्रस्त वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात रक्तचंदनाचा समावेश आहे. जानेवारी २०१७ पासून शिसमाची संपूर्ण डालबर्जिया प्रजाती साइट्सच्या नियंत्रणाखाली आली. ओंडका नेमका कोणत्या जातीचा, हे सिद्ध करता आले तरच तस्करीविरुद्धचा खटला टिकतो आणि प्रामाणिक कारागिराची अडवणूकही टळते.

नव्या वर्गीकरणाचा शेतीवनीकरणालाही लाभ होतो. हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या मुळांवरील गाठी शिंबावंत कुलातील प्रत्येक वृक्षाला नसतात. त्या पॅपिलिओनॉइडी आणि सीसलपिनिऑइडी या दोनच उपकुलांत आढळतात आणि दुसऱ्यात त्या मुख्यतः मायमोसॉइडी शाखेत आहेत. बाभूळ व शिरीष जमिनीत नत्र वाढवितात. चिंच, आपटा किंवा गुलमोहर यांच्याकडून ती अपेक्षा करता येत नाही. ‘शेंग येते म्हणजे नत्र मिळते’ हे सूत्र म्हणूनच सरसकट लागू पडत नाही.

मर्यादा

जनुकीय पद्धत अचूक असली तरी तिला मर्यादा आहेत. हरितलवकाचे डीएनए बहुतेक सपुष्प वनस्पतींत मातेकडूनच येते; त्यामुळे संकर झाला असल्यास अर्धीच कहाणी हाती लागते. केंद्रकातील अनेक जनुके तपासणे त्यासाठी आवश्यक ठरते. दुसरे असे की, शिंबावंत कुलातील सहा उपकुले सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर नष्ट झाले आणि दख्खनचे लाव्हा थर साचत होते त्या काळाच्या आसपास, अल्पावधीत वेगळी झाली असे २०२१ मधील अभ्यास सुचवितो. इतक्या जलद फुटलेल्या शाखांचा नेमका क्रम लावणे आजही अवघड आहे. शिवाय वंशवृक्षाची विश्वसनीयता नमुन्यांच्या अचूक ओळखीवर अवलंबून असते. नमुना चुकीचा ओळखला गेला असेल तर उत्तम यंत्रसामग्रीही चुकीचेच उत्तर देईल. अरण्यात हिंडून झाड ओळखणाऱ्या वर्गीकरणतज्ज्ञाचे महत्त्व म्हणूनच कमी झालेले नाही.

भारतासमोरील कार्य

जगातील वृक्षजातींची संख्या सुमारे ६० हजार आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मूल्यमापनानुसार तपासलेल्या वृक्षजातींपैकी ३८ टक्के जातींना नष्ट होण्याचा धोका आहे. कोणती जाती वाचवायची हे ठरविण्यापूर्वी ती कोणती आहे हे ठाऊक असणे आवश्यक आहे. भारताची स्थिती या बाबतीत अनुकूल आहे. १८९० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हावडा येथील केंद्रीय संग्रहालयात सुमारे २० लाख नमुने आहेत. कोइंबतूर येथील वन आनुवंशिकी संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये सागवानाच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला. जुने संग्रह आणि नव्या प्रयोगशाळा यांची सांगड घातल्यास पश्चिम घाट, ईशान्य भारत आणि अंदमान-निकोबार येथील वृक्षांची वंशावळ भारतातच सिद्ध होऊ शकेल.

या माहितीवरील हक्काचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ आणि १२ ऑक्टोबर २०१४ पासून अमलात आलेला नागोया करार यांनी जैविक संसाधनांच्या लाभात स्थानिक समाजाला वाटा देण्याचे तत्त्व मान्य केले. परंतु डीएनएची अक्षरमाला एकदा संगणकावरील खुल्या संग्रहात गेली की झाडाला हात न लावताही तिचा व्यापारी उपयोग करता येतो. या अंकीय अनुक्रम माहितीच्या लाभवाटपासाठी २०२२ च्या माँट्रिऑल परिषदेत बहुपक्षीय यंत्रणेचा निर्णय झाला. २०२४ मध्ये कॅली येथील परिषदेत तिच्या कार्यपद्धतीस मान्यता मिळाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅली निधी सुरू करण्यात आला. मात्र त्यातील योगदान ऐच्छिक स्वरूपाचे आहे. त्यामुळे ज्या गावांनी अशोक व खैर पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यांच्यापर्यंत हा लाभ कसा पोहोचेल, याची व्यवस्था राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणापासून ग्रामपातळीवरील जैवविविधता व्यवस्थापन समित्यांपर्यंत सर्वांनाच उभी करावी लागेल.

वर्गीकरण म्हणजे नावांची रुक्ष यादी नव्हे. नाव बरोबर असेल तर कायदा योग्य झाडाला संरक्षण देतो, वैद्य योग्य साल वापरतो आणि शेतकरी बांधावर योग्य रोप लावतो. जनुकीय माहितीने झाडांना नवी नावे दिली, तशीच फुलांच्या दीर्घ इतिहासाची पानेही उलगडून दाखविली. ही पाने पुढे वाचत राहण्यासाठी प्रयोगशाळेइतकीच उभ्या अरण्यांची आवश्यकता आहे.